चित्रकलेच्या तासाचं निरीक्षण: साठ वह्यांतला एकच तांब्या

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. ए.टी.डी.च्या, म्हणजे चित्रकला शिक्षकाच्या पदविकेच्या, दुसऱ्या वर्षाला आहात. लातूर जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका हायस्कूलवर पाठ निरीक्षणाला जाताय. आठ तास पाहून झाले. सर येतात, फळ्यावर चित्र काढतात, मुलं वहीत उतरवतात, घंटा होते. निरीक्षण वहीत रोज तेच ते लिहावं लागतंय. जे पटत नाही ते लिहावं, तर वहीवर सही त्याच सरांची घ्यायची आहे. मग पाहायचं काय आणि लिहायचं काय?

मी सव्वीस वर्षं बीड आणि लातूर जिल्ह्यांत चित्रकला शिकवते आहे. गेली बारा-तेरा वर्षं दरवर्षी दोन-चार छात्राध्यापक माझ्या वर्गात येऊन बसतात आणि त्यांच्या वह्या मी बारकाईने वाचते. तुमची तक्रार त्या प्रत्येकाची असते. माझं उत्तर लांबेल, कारण हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

आधी त्या वहीबद्दल. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, फलकलेखन, प्रश्न विचारण्याचं कौशल्य, संकलन, गृहपाठ हे रकाने मराठीच्या किंवा इतिहासाच्या तासाला छान बसतात. तिथे शिक्षक बोलतो तोच पाठ असतो. चित्रकलेच्या तासाला सर पाच-सात मिनिटं बोलतात. पुढची पंचवीस-तीस मिनिटं पाठ मुलांच्या कागदावर चाललेला असतो, तोही साठ ठिकाणी, साठ तऱ्हेने. वहीतले रकाने त्या पाच-सात मिनिटांचीच चौकशी करतात, म्हणून तुम्हाला रोज तेच ते दिसतं.

आणि तुम्ही कुठे बसता ते लिहिलेलं नाही, पण बहुतेक शेवटच्या बाकावर. निरीक्षकाची जागा शेवटी, असं आपल्याकडे ठरूनच गेलंय. तिथून साठ पाठी आणि एक फळा दिसतो. चित्र एकही दिसत नाही. उद्या तास सुरू व्हायच्या आधी सरांना विचारा, "सर, मी खिडकीकडच्या बाजूला उभी राहू का? आणि मुलं काढायला लागली की एखाद्या बाकाशेजारी बसले तर चालेल का?" आजवर यावर कुणी नाही म्हणाल्याचं मला आठवत नाही. न विचारता वर्गात फिरू नका, एवढं पाळा.

आता यातलं बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे. तुमची शाळा मी पाहिलेली नाही. चित्रकलेला स्वतंत्र खोली आहे की वर्गातच तास होतो, मुलं बाकावर बसतात की सतरंजीवर, तासिका पस्तीस मिनिटांची की चाळीसची, सरांकडे आठवड्याला किती तुकड्या आहेत, आणि मुख्य म्हणजे महिना कुठला चाललाय, यावर सगळं बदलतं. ऑगस्ट-सप्टेंबरात तास पाहाल तर सर घाईत दिसतील. साधारण सप्टेंबरअखेर चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या ग्रेड परीक्षा असतात, इंटरमिजिएटच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे पालकांचंही लक्ष असतं. त्यातच गणपती, आणि १७ सप्टेंबरला मुक्तिसंग्राम दिन. त्या दिवशीचं फलकलेखन, रांगोळी, स्टेजची सजावट हे सगळं चित्रकलेच्या शिक्षकाच्याच अंगावर येतं. त्या आठवड्यात सर मुलांना फळ्यावरून उतरवायला लावून स्वतः ऑफिसात बॅनर रंगवत असतील, तर वहीत ते लिहिताना तारीखही लिहा. डिसेंबरात तेच सर वेगळे दिसतील.

आता कामाचं. वस्तुचित्राचा तास पाहताय असं धरू. टेबलावर तांब्या ठेवलाय, शेजारी एखादं फळ, मागे कापड. तुम्ही स्वतः हे शेकडो वेळा काढलंय, त्यामुळे नजर सरळ फळ्याकडे जाते: सरांनी मध्यरेषा घेतली का, प्रमाण सांगितलं का. ते पाहाच. पण मुलांनी काढायला घेतल्यावर पंधरा मिनिटांनी तीन वह्या बघा. एक पहिल्या बाकावरची, एक मधल्या, एक शेवटच्या. तीनही वह्यांत तांब्याचं तोंड कसं काढलंय ते पाहा.

बाकावर बसलेल्या मुलाचा डोळा टेबलावरच्या तांब्याच्या तोंडापेक्षा थोडासाच वर असतो. पहिल्या बाकावरच्याला ते तोंड चपट्या लंबवर्तुळासारखं दिसतं. शेवटच्या बाकावरून ते जवळजवळ रेघच होतं. बूड डोळ्याच्या बरंच खाली असल्याने बुडाची कड तोंडापेक्षा जास्त गोलसर दिसते, पण मुलं हटकून तळाशी सरळ रेघ मारतात, कारण तांब्या टेबलावर नीट टेकलाय हे त्यांना माहीत असतं. मुलं सतरंजीवर बसत असतील तर आणखी गंमत आहे. खाली बसलेल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाचा डोळा टेबलाच्या उंचीच्या जवळपास येतो. त्याला तांब्याचं तोंड आतून दिसूच शकत नाही.

तरी साठच्या साठ वह्यांत तांब्याचं तोंड सारखंच उघडं, सारखंच गोल असेल, तर तो तांब्या टेबलावरून आलेला नाही. तो फळ्यावरून आला, किंवा शेजारच्या वहीतून, किंवा बाजारातल्या ग्रेड परीक्षेच्या मार्गदर्शिकेतून. मुलांनी वस्तूकडे पाहिलंच नाही. हे तुम्ही एका दृष्टिक्षेपात ओळखू शकता, आणि कुणालाही दोष न देता लिहू शकता: "पहिल्या, चौथ्या व सातव्या बाकावरील तिन्ही चित्रांत तोंडाचे लंबवर्तुळ सारखेच." बस. एवढ्या एका ओळीत त्या तासाचं जे कळतं ते "शिक्षकांनी विषय प्रतिपादन प्रभावीपणे केले" या वाक्यात येत नाही.

ही ओळ लिहिली की पुढचे प्रश्न आपोआप सुचतात. सरांनी फळ्यावर तांब्या काढून ठेवला होता की काढून दाखवून पुसला? मुलांना उठून टेबलाजवळ येऊन पाहू दिलं का? एखादं मूल वही सोडून वस्तूकडे किती वेळा मान वर करतं? हे शेवटचं तर मोजाच. मी नवीन तुकडी हाती आली की पहिल्या महिन्यात मोजते. पाच मिनिटांत मान एकदाच वर झाली, तर ते मूल मनातला तांब्या काढतंय.

यापुढची सवय म्हणजे एका तासाला एकच मूल. सगळा वर्ग पाहायला जाल तर काहीच पाहणार नाही. हजेरीपटावरचा कुठलाही क्रमांक मनात धरा आणि कोरा कागद समोर आल्यापासून घंटा होईपर्यंत त्याच एका कागदाचा पाठपुरावा करा. फार जवळ बसू नका, मूल अवघडतं. दुसऱ्याच कुणाकडे पाहत असल्यासारखं दीड-दोन हातांवर बसा.

नोंद कशी दिसावी याचा नमुना देते, हा माझ्याच वर्गातल्या एका छात्राध्यापिकेच्या वहीवरून आठवतोय:

"११.४२ कागदाच्या डाव्या कोपऱ्यात सुरुवात. ११.४४ तांब्याचा गळा काढला, खोडला. ११.४५ पुन्हा काढला, खोडला. ११.४७ शेजारणीकडे पाहिले. ११.४८ पट्टी घेऊन मधोमध रेघ ओढली. ११.५१ मॅडम शेजारी आल्या, हाताने कागद झाकला. मॅडम पुढे गेल्या. ११.५२ हात काढला. ११.५८ डावी बाजू पूर्ण, उजवी बाजू मोठी झाली. खोडले. कागद फाटला. १२.०२ वही बंद."

मॅडम म्हणजे मी. ती मुलगी आठवीतली होती. तिने कागद झाकला हे मला दिसलं नव्हतं, तिचा कागद फाटला हेही दिसलं नव्हतं. बासष्ट मुलं होती. ती नोंद वाचून मला समजलं की डावी-उजवी बाजू जुळवायची युक्ती मी तोंडी सांगितली, करून दाखवली नाही, आणि मुलीच्या जवळून मी तीन सेकंदांत निघून गेले. दुसऱ्या दिवशी मी कागदाची घडी घालून अर्धा तांब्या कापला आणि उलगडून दाखवला. त्या छात्राध्यापिकेने माझ्याविषयी एक शब्दही बरा-वाईट लिहिला नव्हता. तरी माझा पुढचा पाठ तिच्या वहीने बदलला. तुमच्या सरांच्या बाबतीतही असं होऊ शकतं, म्हणून वही भीत भीत लिहू नका.

त्या नोंदीत खोडरबर किती वेळा आलाय ते बघा. हायस्कूलच्या वयात खोडरबर फार बोलतो. कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी मुलांच्या चित्रांचे जे टप्पे मांडले, ते तुमच्या अभ्यासक्रमात येऊन गेले असतील. बारा ते चौदा वर्षांचा टप्पा आठवा. या वयात मुलाला खरं कसं दिसतं ते कळायला लागतं, पण हात तितका तयार नसतो. पाचवीतलं मूल तीन पायांचा बैल काढून आनंदाने दाखवायला पळत येतं. आठवीतलं मूल चौथा पाय चुकला हे स्वतः ओळखतं आणि "मला येत नाही" म्हणून वही मिटतं. बहुतेक लोकांचं चित्र काढणं याच वर्षात कायमचं थांबतं. म्हणून हायस्कूलच्या तासात पाहण्यासारखा क्षण कुठला, असं मला कुणी विचारलं, तर मी म्हणेन, मूल खोडरबर उचलतं तो. त्याच्या आधी काय झालं? सर काही बोलले? शेजारचं कुणी हसलं? वहीच्या मागच्या पानावर जुनं चित्र दिसलं? आणि खोडल्यावर ते पुन्हा वस्तूकडे पाहतं की फळ्याकडे?

खोडरबर वाईट नाही, बरं का. काही शिक्षक सरसकट बंदी घालतात. मी स्वतः पहिली दहा मिनिटं खोडायचं नाही एवढंच सांगते. चुकीची रेघ राहू द्यायची, तिच्या शेजारी दुसरी मारायची. यावर कलाशिक्षकांत एकमत नाही आणि तुमचे सर वेगळं करत असतील तर त्यांच्याकडेही कारण असेल.

सरांचे हात आणि शब्दही टिपा, पण मुलाच्या बाजूने. सर बाकाजवळ थांबल्यावर काय म्हणाले ते शब्दशः लिहा. "छान", "असं नाही", "नीट काढ", "परत बघ" हे चार शब्द वरवर सारखे वाटतात. "नीट काढ" ऐकून मूल काय करतं? बहुतेकदा रेघ जाड करतं. "तांब्याचा गळा किती रुंद दिसतो, पेन्सिल समोर धरून मोज" म्हटलं की मान वर होते. हा फरक नोंदवा. सरांची पेन्सिल मुलाच्या चित्रावर जाते का तेही पाहा. मी मुलाच्या चित्रावर रेघ मारत नाही, कागदाच्या कडेला काढून दाखवते. पण परीक्षेला चार दिवस उरलेले असताना आणि पन्नास मुलं रांगेत असताना माझाही हात चित्रावर गेलेला आहे, हे कबूल करते.

आता फळ्यावरून उतरवण्याबद्दल. तुमच्या लिहिण्यात त्याचा राग दिसतो, आणि तो मी समजू शकते. शिकत असताना आपल्याला सांगितलेलं असतं की नक्कल म्हणजे कल्पकतेला मारक. माझं मत जरा वेगळं आहे. आपल्या मराठवाड्यातच अजिंठा आहे. मुंबईच्या कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स १८७२ पासून आपल्या विद्यार्थ्यांना घेऊन तिथे जात आणि भिंतीवरच्या चित्रांच्या प्रती करून घेत. कितीतरी वर्षं ते काम चाललं. त्यातल्या बऱ्याच प्रती १८८५ साली लंडनमध्ये लागलेल्या एका आगीत जळाल्या. पण अंधाऱ्या लेण्यात भिंतीसमोर उभं राहून एकेका बोटाचं वळण पाहत प्रत करणाऱ्या त्या पोरांची नजर किती तयार झाली असेल, याचा विचार करा. तेही उतरवणंच होतं. फरक एवढाच, की त्यांना दर रेघेला पाहावं लागत होतं. म्हणून फळ्यावरून उतरवणारा वर्ग दिसला की लगेच फुली मारू नका. मुलं फळ्याकडे पाहून विचार करतायत की फक्त आकार भरतायत, हे बघा. सर रेघ काढताना "इथे का वळवली" हे सांगतायत का? की चित्र आधीच काढून ठेवलंय? फळ्यावर करून दाखवणं ही आपल्या विषयातली फार मोठी ताकद आहे. ती वाया जाते कधी, तर दाखवलेलं पुसलं जात नाही तेव्हा. तेच समोर राहिलं की मूल दुसरीकडे बघतच नाही.

कारण विचारल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका, हे मी माझ्या अनुभवावरून सांगते. मी शिकत होते तेव्हा एका हायस्कूलवर निरीक्षणाला जायची. एके दिवशी सरांनी आल्या आल्या फळ्यावर डोंगर, नदी, झोपडी काढली आणि "उतरवा" म्हणाले. मी वहीत लिहिलं, "शिक्षकांनी पाठाचे नियोजन केलेले नाही. विद्यार्थ्यांना विचार करण्यास वाव नाही." तासानंतर सरांनी वाचलं, सही केली आणि म्हणाले, "आज दुसरी तुकडीपण आपल्याच वर्गात बसवली होती. ते लिहिलं नाहीस." खरंच, त्या दिवशी एका बाकावर पाच-पाच मुलं होती. मी सगळा तास तिथे होते आणि मुलं मोजली नव्हती. शंभरावर मुलं असताना वस्तू मांडून वस्तुचित्र घेता येत नाही, हे मला तेव्हा सुचलंही नाही. तेव्हापासून माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी सांगते, पहिली ओळ पटसंख्येची आणि हजर मुलांच्या संख्येची.

विचारायचं कसं, हाही प्रश्न असतो. "सर, तुम्ही वस्तू का मांडत नाही?" असं विचारलंत तर सर बचाव करतील. "सर, तुम्ही आज आधी बाह्यरेषा दाखवली आणि मग छटा, ते मला समजून घ्यायचं होतं" असं म्हटलंत तर वीस वर्षांचा अनुभव बाहेर येईल. आणि तो तासाच्या मध्ये विचारू नका, चहाच्या वेळी विचारा.

साहित्याचं बोलू. निरीक्षण वहीत "शैक्षणिक साहित्य" या रकान्यात लोक फक्त शिक्षकांचं साहित्य लिहितात: तक्ता, वस्तू, रंगीत खडू. मुलांकडे काय आहे ते मोजा. किती जणांकडे चित्रकलेची वही, किती जणांकडे पाठकोरी पानं, ब्रश किती, रंगपेटीतले कुठले रंग संपलेत. पांढरा आणि पिवळा आधी संपतो. ज्यांच्याकडे काहीच नसतं ती मुलं "नाही" म्हणत नाहीत. "मॅडम, इसरलो" म्हणतात. एकदा विसरलं ते विसरलं. तीन तास ओळीने तेच मूल विसरत असेल, तर ते विसरत नाहीये. तिथे सर काय करतात ते पाहा. ओरडतात, बाहेर उभं करतात, शेजाऱ्याचं वापरायला सांगतात, की कपाटातून गपचूप काढून देतात? माझ्याकडे एक पत्र्याचा डबा आहे. दहावीची मुलं जाताना उरलेले रंग, पेन्सिलींचे तुकडे त्यात टाकून जातात. ज्याला हवं त्याने तासाआधी घ्यायचं, विचारायचं नाही. एवढ्याने "इसरलो" जवळपास बंद झालं.

आणि पाणी. पुण्या-मुंबईकडे शिकलेल्यांच्या हे लक्षात येत नाही. जलरंगाच्या तासाला साठ मुलांना निदान तीस वाट्या पाणी लागतं, ते मध्ये एकदा बदलावंही लागतं, नाहीतर सगळी चित्रं मातकट होतात. मार्चनंतर आमच्या भागातल्या कित्येक शाळांत प्यायचं पाणी मुलं घरून बाटलीत आणतात. तेव्हा मी जलरंग घेतच नाही. पेन्सिल, तेली खडू, कागदकाम, चिकटचित्र. तुम्ही उन्हाळ्यात निरीक्षणाला गेलात आणि "जलरंगाचा सराव घेतला जात नाही" असं लिहिलंत, तर आधी शाळेच्या टाकीकडे एकदा जाऊन या.

वर्गात कोण नाही, तेही पाहायला हवं. बीड जिल्ह्यात आणि आसपासच्या तालुक्यांत दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला जाणाऱ्या घरांची मुलं शाळेतून दिसेनाशी होतात. काही हंगामी वसतिगृहात किंवा आजी-आजोबांजवळ राहतात, काही आई-बापाबरोबर कारखान्याकडे जातात आणि पट्टा पडल्यावर, म्हणजे हंगाम संपल्यावर, मार्च-एप्रिलला परततात. तुमच्या लातूर भागातही थोडीफार असतील. अशा मुलाची चित्रकलेची वही उघडून पाहा. ऑक्टोबरपर्यंत चित्रं, मग काही नाही. परत आल्यावर त्याला कुठे बसवलं जातं, त्याला कोणी काय चाललंय ते सांगतं का, हे पाहणं मला फलकलेखनापेक्षा मोलाचं वाटतं.

अशाच एका मुलीची गोष्ट सांगते. एप्रिल महिना, स्मरणचित्राचा तास, विषय बैलगाडी. सगळ्या वर्गाने बाजूने दिसणारी गाडी काढली: एक चाक, एक बैल, हातात चाबूक घेतलेला माणूस, मागे दोन डोंगर आणि नारळाचं झाड. आमच्या गावात नारळाचं झाड नाही, पण मार्गदर्शिकेत आहे. ही मुलगी चार दिवसांपूर्वीच उसाच्या फडावरून परत आली होती. तिच्या कागदावर दोन मोठे गोल, त्यांच्यावर दोन उंचवटे, मध्ये आडवी काठी, वर शिंगांची चार टोकं आणि दोन्ही बाजूंनी वर जाऊन जुळणाऱ्या दोन रेघा. शेजारी बसलेल्या छात्राध्यापकाने वहीत लिहिलं, "विद्यार्थिनीला बैलाची रचना अवगत नाही." मी ते वाचलं आणि म्हटलं, उद्या तिला विचारा. त्याने विचारलं. ती म्हणाली, "गाडीत बसल्यावर बैलाचं तोंड कुठं दिसतंय, सर?"

तिने बैल मागून काढले होते. ते गोल म्हणजे पाठी, उंचवटे म्हणजे वशिंडं, आडवी काठी म्हणजे जू, आणि त्या दोन रेघा म्हणजे लांब जाणारा रस्ता. यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. पाच महिने ती जिथे बसत होती तिथून जे दिसलं ते तिने काढलं. त्या अख्ख्या वर्गात स्मरणातून चित्र काढणारी तेवढी एकच होती. त्या छात्राध्यापकाने आपलं वाक्य खोडलं नाही. त्याच्याखाली तारीख टाकून नवीन नोंद लिहिली, आणि मला ते फार आवडलं. वहीत चुकीचं वाक्य आणि दुरुस्ती दोन्ही राहू द्या.

म्हणून वहीची रचना मी अशी सुचवते. छापील रकाने भरायचेच आहेत, ते थोडक्यात भरा. त्यामागे कोरं पान असतं, त्याची उभी घडी घाला. डावीकडे फक्त जे घडलं ते: वेळ, कृती, शब्द. उजवीकडे तुम्हाला काय वाटलं, आणि तेही शक्यतो प्रश्न म्हणून. "शिक्षक वैयक्तिक लक्ष देत नाहीत" हे डावीकडे लिहिता येणार नाही, कारण ते घडलेलं नाही, तुमचं मत आहे. "तीस मिनिटांत शिक्षक अकरा मुलांजवळ थांबले, मागच्या तीन बाकांपर्यंत पोचले नाहीत" हे डावीकडे जाईल. उजवीकडे जाईल: "मागच्या बाकांपर्यंत पोचायला काय करता येईल? मी घेईन त्या पाठात मागून सुरुवात करून पाहू का?" या नोंदीवर सही करायला कुठल्याही सरांना जड जाणार नाही, आणि तुम्हालाही खोटं लिहावं लागणार नाही. सहीची एक वही आणि मनातलं लिहायची दुसरी, असं करू नका. दोन वह्या ठेवल्या की दोन्हींत खरं राहत नाही, हे मी बऱ्याच जणांच्या बाबतीत पाहिलंय. मात्र सर मुलांना मारत असतील किंवा मुलींशी वागणं बरोबर नसेल, तर तो निरीक्षण वहीचा विषयच नाही. त्याच दिवशी तुमच्या विद्यालयाच्या मार्गदर्शकांना आणि मुख्याध्यापकांना सांगायचं.

मुलांची नावं लिहू नका, बाक क्रमांक लिहा. आणि चित्रांचे फोटो काढून स्टेटसला टाकू नका. मूल तुम्हाला चित्र दाखवतं ते तुमच्यावर विश्वास टाकून. ज्या मुलीने हाताने कागद झाकला होता तिचं चित्र गावभर फिरलं असतं, तर तिने पुन्हा वही उघडली नसती. वहीत लावायला नमुना हवाच असेल तर मुलाला विचारा, सरांना विचारा, आणि मूळ चित्र मुलाकडेच राहू द्या. आपल्या हाताने त्याची छोटी प्रत काढा. ती काढताना ते मूल कुठे अडलं होतं हे तुमच्या हाताला कळेल, फोटोतून ते कळत नाही.

तुमचे निरीक्षणाचे किती तास उरलेत ते तुम्ही लिहिलेलं नाही. चार-पाच जरी असतील तरी पुष्कळ आहेत. उद्याच्या पहिल्या तासाला फक्त हे करा: हजर मुलं मोजा, एक मूल निवडा, आणि तास संपायच्या दहा मिनिटं आधी पहिल्या, मधल्या आणि शेवटच्या बाकावरची वही पाहायला मागा. वस्तुचित्र नसेल, फळ्यावरचं चित्र असेल, तरी चालेल. त्या तीन वह्यांत काय सारखं आणि काय वेगळं ते लिहून काढा, आणि जमलं तर इथे कळवा. तुमच्या सरांनी वस्तू मांडायची तयारी दाखवली, तर तांब्या घरून न्या, आणि मांडण्याआधी एकदा शेवटच्या बाकावर स्वतः बसून त्याचं तोंड दिसतं का ते बघा.